चित्रचोराचा प्लॅटफॉर्म गेम: उडी, पहारा आणि परतीची वाट

प्रश्न थोडक्यात असा. गोडो ४ मध्ये (हे गेम बनवायचं इंजिन) जुन्या वळणाचा प्लॅटफॉर्म गेम, म्हणजे फळ्यांवरून उड्या मारत जायचा गेम, चाललाय. कोकणातल्या एका संस्थानिकाच्या खाडीकाठच्या वाड्यात चोर शिरतो, भिंतीवरची चित्रं उतरवतो आणि पळतो. तक्रारी तीन आहेत: उडी फुग्यासारखी तरंगते, वरच्या मजल्यावरच्या पहारेकऱ्याला खालचा चोर दिसतो, आणि ज्यांना खेळायला दिला ते दुसऱ्या लेव्हलला कंटाळून फोन खाली ठेवतात. शिवाय गेम स्वस्तातल्या अँड्रॉइडवर चालायला हवा.

पहिल्या दोन तक्रारी आकड्यांच्या आहेत, त्या एका संध्याकाळीत सुटतील. तिसरी आराखड्याची आहे आणि खरी मेख तिथेच आहे. तुम्ही वर्णन केलंय त्यात चित्र हातात आल्यावर स्कोअर वाढतो, बाकी काहीच बदलत नाही. चोर आला त्याच वाटेने, त्याच वेगाने परत जातो. चित्राच्या जागी नाणं ठेवलं तरी गेम तोच राहील. चोरीच्या गेममध्ये रंगत येते ती माल हातात आल्यानंतर. म्हणून खालचे सगळे आकडे परतीची वाट अवघड करण्याच्या हिशोबाने दिलेत.

आधी पडद्याचं माप. रिझोल्यूशन ३२० × १८० आणि टाइल, म्हणजे खोली ज्यांतून जुळवायची तो चौकोनी तुकडा, १६ × १६ धरा. वरची २० पिक्सेलची पट्टी वेळ आणि स्कोअरसाठी ठेवली की खाली १६० उरतात, म्हणजे बरोबर १० टाइल. त्यात दोन मजले बसतात: प्रत्येकी ४ टाइल मोकळी उंची, १ टाइल तळ. आडव्या २० टाइल. वही-पेन्सिलीने आखायलाही हे माप सोयीचं. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये स्ट्रेच मोड ‘व्ह्यूपोर्ट’, स्केल मोड ‘इंटिजर’ आणि टेक्स्चर फिल्टर ‘निअरेस्ट’ करा. फिल्टर तसाच ‘लिनियर’ ठेवला तर पिक्सेल धुरकट दिसतात. नव्या लोकांच्या निम्म्या ‘चित्रं खराब दिसतात’ तक्रारी इथेच मिटतात. १३६६ × ७६८ च्या लॅपटॉपवर हा पडदा चौपट, म्हणजे १२८० × ७२० होतो आणि बाजूला ४३, वर-खाली २४ पिक्सेलची काळी पट्टी राहते. राहू द्या. पट्टी घालवायला ४.२७ पट केलंत तर काही पिक्सेल जाड आणि काही बारीक दिसतील, आणि चोर चालताना त्याचं डोकं लहान-मोठं होतंय असं वाटेल.

आता उडी. तुमचे आकडे पाहता तुम्ही गोडोची तयार चालण्या-उडण्याची स्क्रिप्ट जशीच्या तशी घेतलीय: वेग ३००, उडीचा वेग ४००, गुरुत्व ९८०. ते आकडे ११५२ × ६४८ च्या खिडकीला शोभतात. तुमच्या पडद्यावर त्या उडीची उंची ८१ पिक्सेल होते, म्हणजे जवळजवळ निम्मा पडदा. चोर ०.८ सेकंद हवेत राहतो आणि तेवढ्यात २४५ पिक्सेल, म्हणजे १५ टाइल पुढे जातो. तरंगणारच.

उलटा हिशोब करा. किती उंच उडायचं आणि किती वेळात वर पोचायचं हे आधी ठरवा, गुरुत्व त्यातून निघेल. उंची ४० पिक्सेल, वर जायला ०.३५ सेकंद. गुरुत्व म्हणजे उंचीची दुप्पट भागिले वेळेचा वर्ग: ६५३. सुरुवातीचा वेग म्हणजे उंचीची दुप्पट भागिले वेळ: २२९. खाली येताना गुरुत्व १.६ पट, म्हणजे १०४५ करा. वजन जाणवतं ते या उतरणीमुळे. चालण्याचा वेग ९०. बटण मध्येच सोडलं आणि चोर अजून वर जात असेल तर उभा वेग निम्मा करा, त्यातून छोटी उडी मिळते. पडण्याच्या वेगाला ३०० ची मर्यादा घाला. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर एका फ्रेमला ५ पिक्सेल झाले, त्यामुळे फळीतून आरपार जाण्याचा प्रश्नच येत नाही.

एक बारकावा. गोडो प्रत्येक फिजिक्स फ्रेमला आधी वेग बदलतं आणि मग शरीर सरकवतं, म्हणून प्रत्यक्ष उंची कागदावरच्या आकड्यापेक्षा सुमारे २ पिक्सेलने कमी भरते. ४० लिहिलं तर ३८ मिळतात. २ टाइलच्या, म्हणजे ३२ पिक्सेलच्या पायरीवर चढायला ३३ लिहून ठेवलेत तर चोर काठाला नाक घासून खाली येईल आणि चूक सापडता सापडणार नाही.

दोन सवलती द्यायच्याच. काठावरून पाय सुटल्यावरही ६ फ्रेम उडी मान्य करा, आणि जमिनीला टेकायच्या आधी ६ फ्रेममध्ये बटण दाबलं असेल तर टेकताक्षणी उडी घ्या. खेळणाऱ्याला या सवलती दिसत नाहीत. काढून टाकल्या की मात्र ‘बटण लागत नाही’ अशी बोंब होते.

आता चित्राचं वजन. तीन आकार पुरेत. छोटं चित्र झोळीत जातं, त्याने काही बदलत नाही. मधलं काखेत: चालण्याचा वेग ७५, उडीची उंची ३६, म्हणजे सुरुवातीचा वेग २१७. मोठं डोक्यावर: वेग ६०, उंची २०, सुरुवातीचा वेग १६२. गुरुत्व तिन्हींना तेच ठेवा. गुरुत्व बदललंत तर हाताला बसलेला अंदाज मोडतो आणि खेळणारा वैतागतो. वेग कमी केला तर त्याला ‘ओझं आहे’ हे न सांगता कळतं.

या आकड्यांतून जी शिडी निघते ती लेव्हल आखताना समोर चिकटवून ठेवा. चोराची टक्कर-चौकट, म्हणजे इंजिन टक्कर मोजतं ती न दिसणारी चौकट, १० पिक्सेल रुंद आहे आणि काठावरची सवलत धरली तर उडी दिसते त्याहून लांब जाते. रिकाम्या हाताने ३ टाइलची फट आरामात पार होते, ४ ची जीव मुठीत धरून होते, ५ ची कधीच होत नाही. मधलं चित्र घेऊन हेच २, ३ आणि ४. मोठं घेऊन १, २ आणि ३. प्रत्येक ओळीतला मधला आकडा टाळायचा. दहात एकदा जमणारी फट ही वाटही नव्हे आणि भिंतही नव्हे. खेळणारा तिथे वीस वेळा मरतो आणि शिव्या तुम्हाला घालतो. आणि पाहा, ३ टाइलची फट रिकाम्या चोराला आत घेते पण मोठं चित्र घेतलेल्याला बाहेर सोडत नाही. एवढ्या एका फटीवर तुमची दुसरी लेव्हल उभी राहू शकते.

मोठं चित्र डोक्यावरच का, तर बाजूला धरलं की भिंतीजवळ वळताना ते भिंतीत घुसतं आणि इंजिन चोराला उलट्या बाजूला ढकलतं, कधी तर खालच्या मजल्यावर. डोक्यावर, मधोमध धरलं की डावी-उजवी बाजू सारखीच, वळल्याने काही बिघडत नाही. चोराची टक्कर-चौकट १० × २४ तशीच राहू द्या आणि चित्रासाठी दुसरी टक्कर-चौकट जोडा: २६ रुंद, २४ उंच, तिची खालची कड पायापासून १८ पिक्सेल वर. हे १८ महत्त्वाचं. १६ पेक्षा खाली आणलंत तर चित्राची कड एका टाइलच्या पायरीवर टेकते आणि चोर पाय लोंबकळत राहतो. आता चोर-चित्र मिळून ४२ पिक्सेल उंच झाले. २ टाइल उंच दारातून रिकामा चोर जातो, चित्र घेऊन अडतो. त्याला ३ टाइलचं दार लागेल. वाड्यातल्या बुटक्या दारांना गेममध्ये खरंच काम मिळतं.

चित्राची टक्कर-चौकट चालू करण्यापूर्वी जागा आहे का हे गोडोच्या ‘इंटरसेक्ट-शेप’ने तपासा. अडगळीच्या खोलीत छताला लागून टांगलेलं चित्र उचललं आणि तपासणी नसेल तर चोर भिंतीत चिणला जातो. जागा नसेल तर चित्र हलू देऊ नका, एक ‘ठक’ आवाज द्या. चौकट चालू-बंद करताना ‘सेट-डिफर्ड’ वापरा, म्हणजे बदल फ्रेमच्या शेवटी होतो. टक्कर मोजणं चालू असताना थेट बदल केला तर इंजिन कुरकुर करतं.

अजून एक जुनी युक्ती इथे फुकट मिळते. १९८३ च्या ‘मॅनिक मायनर’मध्ये एकदा उडी मारली की हवेत दिशा बदलता येत नाही. आज सगळ्या गेमला ते बंधन लावलं तर लोक कंटाळतील, पण मोठं चित्र डोक्यावर असताना तेवढंच लावा. रिकाम्या हाताने हवेत पूर्ण ताबा, ओझं घेऊन अजिबात नाही. उडी मारण्यापूर्वी खेळणारा आपोआप थांबून अंदाज घ्यायला लागतो.

चित्र कापून नेण्याची सोय द्यायची असेल तर खऱ्या चोऱ्यांकडे बघा. १८ मार्च १९९० ला बॉस्टनच्या इझाबेला स्टुअर्ट गार्डनर संग्रहालयातून १३ वस्तू गेल्या. रेम्ब्रांचं गालील समुद्रातल्या वादळाचं चित्र चौकटीतून कापून नेलं. उलट मोनालिसा पॉप्लरच्या लाकडी फळीवर रंगवलेली, ७७ × ५३ सेंटिमीटर, ती गुंडाळता येत नाही. तेव्हा गेममध्ये कॅनव्हास कापता येईल, फळी येणार नाही. कापायला ९० फ्रेम बटण दाबून ठेवायचं, मोठं चित्र छोटं होतं, गुण निम्मे. खिळ्यावरून अख्खं उतरवायला ४० फ्रेम. कापायला लागणाऱ्या दीड सेकंदात पहारेकरी वळतो की नाही, यावर सगळी गंमत आहे. फळीचं चित्र वेगळं ओळखू यावं म्हणून चौकटीला लाकडी कडेचा एक गडद पिक्सेल-पट्टा द्या.

लेव्हल आखण्याचा क्रम उलटा घ्या. २० × १० चौकोनांच्या कागदावर आधी चित्र ठेवा, मग सुटण्याची जागा, आणि पहिल्यांदा ओझ्याची वाट पेन्सिलीने काढा: १ टाइलच्या पायऱ्या, १ टाइलच्या फटी, ३ टाइलची दारं. ती पूर्ण झाली की दुसऱ्या रंगाने आत येण्याची हलकी वाट काढा. दोन्ही वाटा निम्म्याहून जास्त एकच असतील तर लेव्हल टाकून द्या. तुमची दुसरी लेव्हल बहुधा यातच मार खातेय: खेळणाऱ्याने जाताना सगळं पाहून झालंय, येताना तेच परत.

वाड्याची रचना या कामाला फार चांगली आहे. पडवी, ओटी, माजघर, वर माळा, त्यावर कौलं, पुढे खळं आणि त्यापलीकडे खाडी. आत शिरायचं कौलं सरकवून माळ्यावरून. बाहेर पडायचं माजघर-ओटीवरून खळ्यात. माळ्याच्या वाटेत ३ च्या फटी, खालच्या वाटेत पहारा. छपराचा उतार ‘दोन आडव्या टाइलला एक उभी’ असा ठेवा, सुमारे २७ अंश भरतो. उतारावरून खाली येताना चोर टुणटुण उडत असेल तर कॅरेक्टरबॉडीचा (चोराच्या शरीराचा गोडोतला घटक) ‘फ्लोअर स्नॅप’ १ वरून ४ करा. सपाट जमिनीवर टाइलच्या सांध्यात पाय अडकत असतील तर चोराच्या टक्कर-चौकटीचे खालचे दोन कोपरे २ पिक्सेलने तासून टाका.

घड्याळ लावायचं की नाही? सेगाच्या १९९० च्या ‘बोनान्झा ब्रदर्स’मध्ये, जो खरोखर चोरांचाच गेम आहे, प्रत्येक टप्प्याला ३ मिनिटं मिळतात आणि माल गोळा करून छतावर पोचायचं असतं. चालतं ते, पण खाडीकाठच्या गेमला घड्याळापेक्षा भरती-ओहोटी शोभेल. होडी पाण्यावर असेल तेव्हाच सुटका. खरी भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी परत येते. गेममध्ये ९० सेकंदांचं चक्र करा, पाणी २ टाइल वर-खाली. भरतीला होडी धक्क्याला लागते आणि चोर सरळ पाऊल टाकतो. ओहोटीला होडी चिखलात बसते. चोराला खाली उतरून चिखलातून जावं लागतं, वेग निम्मा, आणि मोठं चित्र असेल तर वाट बघण्याशिवाय इलाज नाही. पाण्याची पातळी वाड्याच्या आतूनही कळायला हवी, नाहीतर हा जुगार होईल. विहिरीची कडा, न्हाणीघराचं गटार किंवा खिडकीतून दिसणारी डोलकाठी, काहीही एक प्रत्येक पडद्यावर ठेवा.

आता पहारेकरी. त्याला मजल्यातून दिसतं कारण तुम्ही नजरेचा त्रिकोण ‘एरिया२डी’ने (आत कोण आलं एवढंच सांगणारं गोडोतलं क्षेत्र) केलाय आणि चोर त्रिकोणात आला की पकडताय. एरियाला भिंत कळत नाही. त्रिकोण ठेवा, पण फक्त ‘आसपास आहे का’ एवढ्यासाठी. मग पहारेकऱ्याच्या डोळ्यापासून, म्हणजे पायापासून २० पिक्सेल वरून, चोराच्या डोकं, छाती आणि गुडघा या तीन बिंदूंकडे किरण, म्हणजे आधी कशाला लागते ते सांगणारी न दिसणारी सरळ रेघ, सोडा. किरणाच्या मास्कमध्ये, म्हणजे तो कशाकशाला लागू शकतो त्या यादीत, भिंती आणि चोर दोन्ही हवेत, पहारेकरी स्वतः नको. किरण सर्वांत आधी चोराला लागला तरच तो बिंदू ‘दिसला’. तिनातले दोन दिसले तर चोर दिसला. एकाच बिंदूवर ठरवलंत तर पेटाऱ्यामागून शेंडी दिसली म्हणून पकडलं जाणं किंवा अख्खा चोर समोर असून न दिसणं, दोन्ही होतं.

इथे दोन खड्डे आहेत. रेकास्ट नोडची (किरण सोडणाऱ्या घटकाची) दिशा स्क्रिप्टमधून बदलून लगेच उत्तर वाचलं तर मागच्या फ्रेमचं उत्तर मिळतं. मध्ये ‘फोर्स-रेकास्ट-अपडेट’ बोलवा. आणि किरण पायापासून सोडला तर त्याची सुरुवातच जमिनीच्या टाइलवर होते आणि निकाल कधी असा कधी तसा येतो.

नजरेची लांबी ९६ पिक्सेल, कोन वर-खाली २० अंश. दिसताक्षणी पकडू नका. संशयाचं माप ठेवा: ३२ पिक्सेलच्या आत असेल तर १२ फ्रेममध्ये भरतं, ९६ वर असेल तर ४५ फ्रेममध्ये, मधे प्रमाणात. डोक्यावर उद्गारचिन्ह चढत जाताना दिसलं पाहिजे. पकडलं गेल्यावर खेळणाऱ्याने ‘माझीच घाई झाली’ म्हणायला हवं. पाठलाग सुरू करण्याचं अंतर ९६ आणि सोडून देण्याचं १२८ असं वेगवेगळं ठेवा, शिवाय नजरेआड झाल्यावर २ सेकंद आठवण. दोन्ही ९६ ठेवले तर सीमेवर पहारेकरी प्रत्येक फ्रेमला शंका-गस्त-शंका करत थरथरतो.

गस्तीत वळण्यापूर्वी त्याला ३० फ्रेम थांबवा आणि आधी मान वळवा, मग अंग. पुढे १० पिक्सेलवर खाली सोडलेल्या किरणाला जमीन लागली नाही की वळायचं, आणि एकदा वळल्यावर ०.३ सेकंद पुन्हा वळायचं नाही. नाहीतर अरुंद फळीवर भोवऱ्यासारखा गरगरेल. एका खोलीत दोघे असतील तर त्यांच्या फेऱ्यांचा लसावि काढा. शाळेतलं गणित इथे अगदी हातात येतं: ४ आणि ६ सेकंदांच्या फेऱ्या दर १२ सेकंदांनी जुळतात, म्हणजे संधी हुकली तरी १२ सेकंदांत परत येते. ५ आणि ७ घेतलंत तर ३५ सेकंद कोपऱ्यात उभं राहावं लागेल आणि ओझं घेऊन ते नकोसं होतं. रिकाम्या वाटेवर एकदा चालेल, परतीच्या वाटेवर कधीच नको.

अंधाराची कल्पना तुम्ही प्रश्नात ओझरती लिहिलीय, ती सोडू नका. १९८३ च्या टाइटोच्या ‘एलिव्हेटर ॲक्शन’मध्ये दिवा गोळीने पाडला की इमारत काळोखी होते आणि शत्रूंची हालचाल मंदावते. तुमच्याकडे त्यासाठी गोळीसुद्धा लागत नाही. कोकणातला पावसाळा आहे, लाइट जायला कारण कशाला हवं? मेन स्विच एका ठिकाणी ठेवा. पाडल्यावर नजरेची लांबी ९६ वरून ४० होते, ८ सेकंदांनी सगळ्यात जवळचा पहारेकरी स्विचकडे निघतो. इन्व्हर्टरवरची एक खोली उजेडातच राहते, आणि मोठं चित्र त्याच खोलीत टांगा. पहारेकऱ्याकडे बॅटरी द्यायची तर तिचा झोत म्हणजेच नजरेचा त्रिकोण, एक पिक्सेलही इकडेतिकडे नको. झोत मोठा आणि नजर लहान ठेवली तर लोक झोतात बिनधास्त नाचतील. उलट केलंत तर अंधारात पकडले जाऊन तुम्हाला विचारतील.

हा अंधार गोडोच्या ‘पॉइंट लाइट’ दिव्यांनी करू नका. स्वस्त फोनवर पाच-सहा दिवे आणि सावल्या झाल्या की फ्रेम पडतात. टाइलचा दुसरा, काळपट संच करा आणि स्विच पडला की संच बदला. झेडएक्स स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती संगणकावर ८ × ८ च्या एका घरात दोनच रंग मावत, तशी काळ्यावर निळी रेघ एवढंच अंधारात ठेवलं तरी छान दिसतं. उजेडातही रंग १६ च्या आत ठेवा: चिऱ्याचे तीन तांबडे, कौलाचा एक, माडाचे दोन हिरवे, पाण्याचे दोन निळे, बाकी करडे. एक पिवळा राखून ठेवा, तो फक्त चित्राच्या चौकटीला. खोलीत पाऊल टाकताच डोळा तिथे गेला पाहिजे.

चित्र गेल्यावर भिंतीवर काय राहतं, हेही वाया घालवू नका. गार्डनर संग्रहालयात त्या रिकाम्या चौकटी आजही भिंतीवर आहेत. आणि २१ ऑगस्ट १९११ ला, सोमवारी पॅरिसचं लूव्र संग्रहालय बंद असताना मोनालिसा गेली तेव्हा दुसऱ्या दिवशीपर्यंत कुणी ओरडा केला नाही. फोटो काढायला नेली असेल, असं पहारेकऱ्यांना वाटलं. तोच स्वभाव तुमच्या पहारेकऱ्याला द्या. पहिली रिकामी जागा दिसली की तो ६० फ्रेम थांबतो, डोकं खाजवतो आणि पुढे जातो. त्याच पहारेकऱ्याला दुसरी दिसली की घंटा. म्हणजे चित्रं कुठल्या क्रमाने उचलायची हा प्रश्न तयार होतो, एकही नवा शत्रू न घालता. क्रमाला गुणही जोडता येतील: नामकोच्या १९८३ च्या ‘मॅपी’मध्ये (तिथे उंदीर पोलीस आहे आणि मांजरांनी पळवलेला माल परत आणतो, त्यात मोनालिसाही आहे) एकाच जातीच्या दोन वस्तू लागोपाठ उचलल्या की गुण पटीत वाढतात. जोडीतलं एक चित्र माळ्यावर, एक ओटीवर ठेवलं की हाव सुटते आणि हावेपायी माणूस पकडला जातो.

भिंतीवर काय टांगायचं? भारतात चित्राचा कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले, त्यांच्या चित्रांवरून ३२ × ३२ ची पिक्सेल-आवृत्ती काढायला अडचण नाही. पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे पोथीतली चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, घ्यायचा मोह होईल. हयात कलाकाराचं काम त्याला विचारल्याशिवाय घेऊ नका. कुडाळजवळच तर आहे पिंगुळी, जाऊन भेटा. त्या पोथ्या घराघरांत जपलेल्या आहेत, त्या ‘चोरीचा माल’ म्हणून दाखवायच्या का हेही तिथेच विचारा.

छोट्या मालासाठी मात्र सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, सोडू नये. दशावतारी संच १२० पानांचा: दर अवताराला एक असे पत्त्यांचे १० रंग, प्रत्येकी १२ पानं, राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. तुमच्या १० लेव्हल, मत्स्यापासून कल्कीपर्यंत, आणि प्रत्येकीत १२ पानं दडवलेली. हिशोब आयता जुळतो. पान गोल असतं, १२ × १२ पिक्सेलमध्ये चांगलं बसतं: बाहेर एका पिक्सेलची काळी कड, आत रंगाची पार्श्वभूमी, मधे ४ × ४ चं चिन्ह. दहाही रंगांची पार्श्वभूमी वेगळी ठेवा, कारण एवढ्या जागेत वराह आणि नृसिंह चिन्हावरून कुणालाच ओळखता येणार नाहीत. ही पानं हलक्या वाटेवर ठेवा, ओझ्याच्या वाटेवर नको. ओझं घेऊन पान उचलायला वाकडी वाट करावी लागली तर लोक ते सोडूनच देतात.

शेवटी फोन. प्रोजेक्ट ‘कम्पॅटिबिलिटी’ रेंडररवर (पडद्यावर चित्र काढणारा इंजिनाचा भाग) ठेवा. जुन्या फोनला आणि जुन्या लॅपटॉपलाही तोच झेपतो. स्ट्रेचचा ‘आस्पेक्ट’ लॅपटॉपला ‘कीप’, पण मोबाइलसाठी वेगळी सेटिंग टाकून ‘एक्सपांड’ करा. २४०० × १०८० चा फोन असो वा १६०० × ७२० चा, दोन्हींवर गेमच्या मापात ४०० × १८० मिळतात. खोली मध्ये ३२०, दोन्ही बाजूंना ४०-४० ची पट्टी बटणांना. ‘कीप’ ठेवलंत तर ती पट्टी काळी राहते आणि तिच्यात बटण काढताच येत नाही. बटणाचं चित्र पट्टीत असू द्या, पण स्पर्शाचं क्षेत्र खोलीत ३० पिक्सेल आत घ्या. अंगठा खेळताना सरकतो, आणि बटण निसटलं की उडी जाते. काचेवरचा स्पर्श खऱ्या बटणापेक्षा उशिरा लागतो, म्हणून टेकण्यापूर्वीची ६ फ्रेमची सवलत फोनवर ८ करा.

९० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ९० वेळा बदलणाऱ्या, पडद्यावर चोर अडखळत चालतोय असं वाटेल, कारण फिजिक्स ६० वर आहे आणि पडदा तीनदा बदलतो तोवर दोनच हालचाली येतात. गोडो ४.३ पासून २डी मध्येही ‘फिजिक्स इंटरपोलेशन’ आहे, ते दोन हालचालींमधल्या जागा भरून काढतं; ते चालू करा. फक्त चोराला दारातून दुसऱ्या खोलीत टाकल्यावर ‘रीसेट-फिजिक्स-इंटरपोलेशन’ बोलवायला विसरू नका, नाहीतर एका फ्रेमपुरता तो अख्ख्या पडद्यावरून घसरत गेलेला दिसेल. आणि खोली बदलली की प्रत्येक वेळी सेव्ह करा: कुठली चित्रं गेली, कुठली पानं मिळाली, पाण्याची पातळी किती. पाणी सेव्ह केलं नाही तर लोक गेम बंद-चालू करून भरती आणतील.